भ्रूणातील पेशींचे स्थलांतर : रासायनिक संकेतांचा स्राव आणि निचरा

प्रस्तावना

पदवी वर्गातील भ्रूणविज्ञानाची प्रात्यक्षिके बहुधा कोंबडीच्या भ्रूणाच्या कायमस्वरूपी स्लाइडवर होतात. २४, ३३, ४८ आणि ७२ तासांचे भ्रूण क्रमाने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले जातात, विद्यार्थी आकृत्या काढतात, नावे देतात आणि जर्नलवर स्वाक्षरी घेतात. या पद्धतीची उपयुक्तता वादातीत आहे. तथापि तिच्यात एक उणीव अंगभूत आहे. स्लाइडवरील भ्रूण थांबलेला असतो. ४८ तासांच्या सुमारास याच भ्रूणाच्या रक्तप्रवाहातून आद्य जननपेशी, म्हणजे पुढे जाऊन अंडपेशी वा शुक्रपेशी निर्माण करणाऱ्या पेशी, प्रवास करीत असतात आणि रक्तवाहिनीतून बाहेर पडून भावी जननग्रंथीच्या जागी जाण्याच्या बेतात असतात. रंगविलेल्या स्लाइडवर या घटनेचा मागमूस लागत नाही.

प्राण्याच्या शरीराची घडण ही केवळ पेशींचे विभाजन आणि विभेदन यांतून होत नाही. अनेक पेशी जेथे निर्माण होतात तेथे राहत नाहीत. त्वचेतील रंगपेशी, आतड्याच्या भिंतीतील तंत्रिकापेशी, लहान मेंदूतील कणपेशी आणि जननपेशी या साऱ्या दुसरीकडून आलेल्या असतात. वाटेत त्यांना इतर ऊती ओलांडाव्या लागतात आणि ठरावीक काळातच मुक्कामी पोहोचावे लागते. त्यांना वाट कशी कळते, या प्रश्नाचे पाठ्यपुस्तकी उत्तर असे : मुक्कामाच्या ठिकाणाहून एक रसायन स्रवते, ते दूरवर विसरत जाते, आणि जेथे त्याचे प्रमाण अधिक त्या दिशेने पेशी सरकते. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत, विशेषतः झेब्रामाशाच्या भ्रूणावर झालेल्या संशोधनातून असे स्पष्ट झाले आहे की, रसायन कोठून स्रवते याइतकेच ते कोठे, कोणाकडून आणि केव्हा काढून घेतले जाते हे महत्त्वाचे असते. काही प्रसंगी तर दिशा ही सर्वस्वी या निचऱ्यातूनच निर्माण होते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा परामर्श घेण्यात आला आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी

रसायनाच्या दिशेने होणाऱ्या हालचालीचा पद्धतशीर अभ्यास जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८८४ मध्ये केला. नेच्याच्या शुक्रपेशी मॅलिक आम्लाकडे पोहत जातात असे त्यांनी दाखविले. पुढील दशकात स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी वाढत्या तंत्रिकातंतूंच्या टोकांनाही अशीच रासायनिक ओढ असावी असा तर्क मांडला. त्या काळी हा तर्कच होता. संबंधित रेणू हाती लागण्यास जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

मधल्या काळात या विषयाला आधार मिळाला तो एका अगदी साध्या जीवाचा. डिक्टिओस्टेलियम या मातीत राहणाऱ्या अमीबासदृश जीवाच्या पेशी अन्न संपले की एकत्र जमतात. ही जमवाजमव एखाद्या रसायनामुळे होते हे जॉन टायलर बॉनर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते रसायन चक्रीय एएमपी असल्याचे १९६७ मध्ये निश्चित झाले. त्यातील एका तपशिलाकडे अध्यापनात फारसे लक्ष दिले जात नाही, तो असा की, या पेशी संकेत सोडतात त्याचबरोबर तो नष्ट करणारे विकरही सोडतात. हे विकर नसेल तर सभोवतालचे पाणी संकेतरेणूंनी भरून जाईल आणि कोणत्याही बाजूस वळण्याचे कारणच उरणार नाही.

यामागील तत्त्व समजून घेणे कठीण नाही. पेशीच्या पटलावर ग्राही प्रथिने असतात व संकेतरेणू त्यांना चिकटतो. दहा-पंधरा मायक्रोमीटर रुंदीची पेशी आपल्या एका बाजूच्या ग्राहींवर किती रेणू बसले आणि दुसऱ्या बाजूच्या ग्राहींवर किती, याची तुलना करते. डिक्टिओस्टेलियमच्या बाबतीत हा फरक एक-दोन टक्के असला तरी पुरतो. मात्र रेणूंचे प्रमाण फार वाढले की दोन्ही बाजूंचे सर्व ग्राही भरून जातात आणि फरक शून्यावर येतो. वाड्यात सगळीकडेच सारखा वास दरवळत असेल तर स्वयंपाकघर कोणत्या अंगाला आहे हे वासावरून ओळखता येत नाही, तसाच हा प्रकार.

दुसरी अडचण भौतिकशास्त्राची आहे. विसरणाने अंतर दुप्पट कापायचे तर वेळ चौपट लागतो. फ्रान्सिस क्रिक यांनी १९७० मध्ये या मुद्द्याचे गणित मांडले. त्यांचा विषय पेशींचे स्थलांतर हा नसून भ्रूणातील स्थाननिश्चिती हा होता. परंतु त्यांच्या प्रतिमानात एका टोकाला उगम आणि दुसऱ्या टोकाला रेणू नाहीसे करणारे निचऱ्याचे ठिकाण अशी दोन्ही अंगे गृहीत धरलेली होती. उगमाचा शोध पुढे जोमाने झाला. निचऱ्याचे ठिकाण मात्र बराच काळ समीकरणातच राहिले.

गंगेच्या खोऱ्यातील मासा

हे ठिकाण प्रत्यक्ष दाखवून देण्याचे श्रेय बव्हंशी झेब्रामाशाला जाते. हा मासा मूळचा भारतीय उपखंडाचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत आणले. त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध १९८१ चा आहे. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह भारतातील अनेक संस्थांमध्ये त्यावर काम चालते. शोभेच्या माशांच्या टाकीत सर्रास दिसणारा हा मासा शास्त्राच्या प्रांतात मात्र परदेशी जाऊन परत आला, असे म्हणावे लागते.

त्याचे भ्रूण मातेच्या शरीराबाहेर वाढतात आणि ते पारदर्शक असतात. चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक हव्या त्या पेशींत घातले की त्या पेशींचा प्रवास जिवंत भ्रूणात तासन्‌तास चित्रित करता येतो. स्लाइडवर जे थांबलेले असते ते येथे चालताना दिसते.

जननपेशींचा प्रवास

झेब्रामाशाच्या भ्रूणात आद्य जननपेशी चार वेगवेगळ्या ठिकाणी उदयास येतात. फलनानंतर चार-पाच तासांनी त्या हालचाल करू लागतात आणि पहिल्या दिवसाच्या अखेरीस पीतकाच्या वरच्या भागालगत, दोन्ही बाजूंस, भावी जननग्रंथीच्या जागी गोळा होतात. चार ठिकाणांहून निघून दोन ठिकाणी नेमके पोहोचणे, तेही सभोवतालचा भ्रूण स्वतः आकार बदलत असताना, हे सोपे काम नव्हे. पोहोचल्या नाहीत तर काय होते, हेही ज्ञात आहे. जननपेशी नष्ट केलेले झेब्रामासे जगतात, परंतु ते वंध्य नर होतात. मानवामध्ये जननग्रंथीबाहेर, उदाहरणार्थ छातीच्या पोकळीत वा माकडहाडाजवळ, आढळणाऱ्या जननपेशीजन्य गाठी या वाट चुकलेल्या पेशींपासून उद्‌भवत असाव्यात असे दीर्घकाळ मानले जाते.

२००२ मध्ये एरेझ राझ यांच्या जर्मनीतील गटाने आणि २००३ मध्ये होल्गर क्नाउट व सहकाऱ्यांनी या पेशींचा मार्गदर्शक रेणू ओळखला. तो होता एसडीएफ-१, ज्याला आता सीएक्ससीएल-१२ म्हणतात. हा केमोकाइन गटातील एक छोटा प्रथिनरेणू आहे. जननपेशींच्या पटलावर त्याचा ग्राही सीएक्ससीआर-४ असतो. रेणू वा ग्राही यांपैकी एक जरी निकामी केला तरी जननपेशी चालतात, पण वाटेल तिकडे चालतात. म्हणजे चालण्याची शक्ती आणि दिशेचे ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथपर्यंतचे चित्र पाठ्यपुस्तकाला धरूनच आहे. तथापि एक बाब खटकणारी होती. हा संकेत एकाच ठिकाणाहून येत नाही. मार्गावरील ऊती एकामागून एक त्याची निर्मिती करतात आणि थांबवितात. पेशी एका तात्पुरत्या मुक्कामावरून पुढच्या मुक्कामाकडे जातात. प्रवासी एका थांब्यावर पोहोचल्यावर तो थांबा बंद होतो आणि पुढचा सुरू होतो, असे काहीसे. परंतु निर्मिती थांबली म्हणून आधी स्रवलेले रेणू आपोआप नाहीसे होत नाहीत. मागच्या मुक्कामाचा संकेत रेंगाळत राहिला तर पेशी पुढे कशाला जातील?

उत्तर २००८ मध्ये राझ यांच्याच गटाकडून आले. सीएक्ससीएल-१२ ला चिकटणारा आणखी एक ग्राही आहे, सीएक्ससीआर-७. तो नेहमीच्या केमोकाइन ग्राहींप्रमाणे पेशीला चालण्याचा आदेश देत नाही. तो रेणूला पकडतो, पेशीच्या आत नेतो, तेथे त्याची विल्हेवाट लागते, आणि ग्राही पुन्हा पटलावर येतो. हा ग्राही जननपेशींना नव्हे, तर त्यांच्या आजूबाजूच्या सामान्य शरीरपेशींना आवश्यक असतो असे दिसून आले. या पेशींतील सीएक्ससीआर-७ कमी केल्यावर संकेताची निर्मिती पूर्ववत राहूनही रेणू ऊतींमध्ये साचत गेले आणि जननपेशींची दिशा हरपली. जननपेशींमध्ये कोणताही दोष नव्हता, संकेत देणाऱ्या ऊतींमध्येही नव्हता. दोष होता तो आजवर केवळ 'पार्श्वभूमी' समजल्या गेलेल्या पेशींमध्ये.

निचऱ्याची ही व्यवस्था एवढ्यावरच थांबत नाही. प्रथिन काढून टाकले तरी ते बनविण्याची सूचना देणारा संदेशवाही आरएनए शिल्लक राहिल्यास नवे प्रथिन तयार होतच राहील. २०११ मध्ये असे दाखविण्यात आले की, एमआयआर-४३० हा सूक्ष्म आरएनए सीएक्ससीएल-१२ आणि सीएक्ससीआर-७ या दोहोंच्या संदेशांवर नियंत्रण ठेवतो. जुन्या जागेचा निरोप वेळेवर मागे घेतला जावा, यासाठीची ही तरतूद होय.

भरलेल्या पट्ट्यावरील प्रवास

याहून अधिक विस्मयकारक उदाहरण पार्श्वरेखेचे आहे. माशाच्या अंगावर पाण्याचे कंप जाणणाऱ्या संवेदी पुंजक्यांची जी ओळ असते तिला पार्श्वरेखा म्हणतात. भ्रूणावस्थेत कानाच्या मागे सुमारे १०० पेशींचा एक समूह तयार होतो. तो कातडीखालून, शरीराच्या मधल्या रेषेने, शेपटीच्या टोकापर्यंत जातो आणि वाटेत ठरावीक अंतराने पुंजके मागे सोडतो. हा प्रवास साधारण एका दिवसात पूर्ण होतो. या पेशी एकेकट्या जात नाहीत. त्या एकमेकींना धरून, एखाद्या दिंडीप्रमाणे, सलग पुढे सरकतात.

येथेही संकेत सीएक्ससीएल-१२ हाच आहे आणि ग्राही सीएक्ससीआर-४. मात्र संकेत मुक्कामी, म्हणजे शेपटीकडे, अधिक आणि डोक्याकडे कमी असा नाही. तो समूहाच्या संपूर्ण मार्गावर, पट्ट्यासारखा, डोक्यापासून शेपटीपर्यंत निर्माण होतो. उताराच्या शोधात असलेल्या संशोधकांना सपाट रस्ता दिसला. मग समूह शेपटीकडेच का जातो?

पेट्रा हास आणि डॅरेन गिल्मूर यांनी २००६ मध्ये या प्रश्नाला हात घातला. हा पट्टा ज्या भ्रूणांत सलग नसतो अशा उत्परिवर्ती भ्रूणांत काही समूह मध्येच वळले आणि आले त्याच वाटेने उलट, डोक्याच्या दिशेने, चालू लागले. ही उलट चाल अडखळत झाली नाही, सुरळीत झाली. याचा अर्थ पट्ट्यामध्ये दिशेची माहिती नव्हतीच. रस्ता दुतर्फा होता. कोणत्या बाजूस जायचे हे समूह स्वतः ठरवीत होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. सीएक्ससीआर-४ नसलेला, त्यामुळे जागीच घोटाळणारा समूह घेऊन त्यात मोजक्याच निरोगी पेशी मिसळल्या तर त्या पेशी आघाडीला जातात आणि संपूर्ण समूह चालू लागतो.

समूह दिशा कशी ठरवितो याचा उलगडा सीएक्ससीआर-७ मुळेच झाला. समूहाच्या आघाडीच्या पेशींत सीएक्ससीआर-४ प्रभावी असतो, तर पिछाडीच्या पेशींत सीएक्ससीआर-७ असतो. पिछाडीच्या पेशी आपल्या खालच्या पट्ट्यावरील संकेत शोषून घेतात. त्यामुळे समूहाच्या मागच्या टोकाला संकेत कमी आणि पुढच्या टोकाला अधिक, अशी प्रवणता तयार होते. समूह पुढे सरकतो तशी ती प्रवणताही त्याच्याबरोबर सरकते. मार्ग कितीही लांब असला तरी उतार संपत नाही, कारण उतार मार्गावर नसून प्रवाशाच्या पायाखाली आहे. विसरणाच्या अंतराची जी अडचण वर नोंदविली, तिचे निराकरणही यातच होते : संकेत दूरवर पसरण्याची गरजच राहत नाही.

ही कल्पना काही वर्षे तर्काच्या पातळीवर होती, कारण ऊतींमधील केमोकाइनचे प्रमाण प्रत्यक्ष मोजणे अवघड असते. २०१३ मध्ये गिल्मूर यांच्या व क्नाउट यांच्या गटांनी स्वतंत्रपणे तो पुरावा प्रसिद्ध केला. दोघांनी रेणू मोजण्याऐवजी ग्राहीवर त्याचा होणारा परिणाम मोजला, आणि पद्धतीतील हे चातुर्य संशोधन-पद्धतीच्या अध्यापकांनीही पाहण्याजोगे आहे. संकेतरेणू चिकटला की ग्राही पेशीच्या आत ओढला जातो व नष्ट होतो आणि त्याच्या जागी नवा येतो. म्हणजे जेथे संकेत अधिक तेथे पटलावरील ग्राही सरासरीने 'तरुण' आणि जेथे कमी तेथे 'जुने'. गिल्मूर यांच्या गटाने ग्राहीला दोन चमकणारी प्रथिने जोडली, एक लवकर चमकू लागणारे हिरवे आणि दुसरे उशिरा चमकू लागणारे लाल. दोन रंगांच्या प्रमाणावरून ग्राहीचे वय आणि त्यावरून संकेताचे प्रमाण काढता आले. समूहाच्या पुढच्या व मागच्या टोकांत अपेक्षित फरक दिसला. सीएक्ससीआर-७ काढून टाकल्यावर तो फरक नाहीसा झाला.

हे तत्त्व माशापुरते मर्यादित नाही. २०२० मध्ये ल्यूक ट्वीडी, रॉबर्ट इन्सॉल व सहकाऱ्यांनी डिक्टिओस्टेलियमच्या पेशी सूक्ष्म चक्रव्यूहांत सोडल्या. आकर्षक रसायन सर्वत्र सारखेच भरलेले होते. पेशी ते विघटित करीत पुढे सरकल्या. फाट्यावर आल्यावर बंद गल्लीतील मर्यादित साठा लवकर संपला, तर खुल्या वाटेने नवा पुरवठा होत राहिला. त्यामुळे पेशींनी तेथे न जाताच खुली वाट निवडली. पुढचे वळण न पाहता वाट ओळखण्याची ही रीत केवळ रसायन खाऊन टाकण्याच्या कृतीतून साध्य झाली.

पेशीच्या आतील निचरा आणि मानवी व्याधी

आतापर्यंत पेशीबाहेरील रेणूंचा विचार झाला. परंतु संकेत मिळाल्यानंतर ग्राही पटलावरून काढून घेणे हाही निचऱ्याचाच एक प्रकार मानता येईल, कारण त्यामुळे पेशीपुरता संकेत बंद होतो. २००७ मध्ये झेब्रामाशाच्या जननपेशींमध्ये आत ओढला न जाणारा सीएक्ससीआर-४ घालून पाहण्यात आले. या पेशींना दिशा कळत होती. मात्र मुक्कामी त्या नेमकेपणाने थांबत नव्हत्या; जननग्रंथीच्या आसपास भलत्याच जागी आढळत होत्या.

हा प्रयोग एरवी तज्ज्ञांपुरता राहिला असता. परंतु मानवामध्ये निसर्गाने तोच प्रयोग केलेला आहे. 'व्हिम' या दुर्मीळ आनुवंशिक व्याधीत अंगावर चामखिळी येतात, रक्तातील प्रतिपिंडे कमी असतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि न्यूट्रोफिल या श्वेतपेशी अस्थिमज्जेत भरपूर असूनही रक्तात मात्र अत्यल्प आढळतात. व्याधीचे नाव या चार लक्षणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे. तिचे कारण सीएक्ससीआर-४ च्या जनुकातील उत्परिवर्तन असल्याचे २००३ मध्ये निष्पन्न झाले. या उत्परिवर्तनामुळे ग्राहीच्या पेशीतील टोकाचा तुकडा गळतो. ग्राहीला आत ओढण्याची खूण त्या तुकड्यावर असते. ती नसल्यामुळे ग्राही पटलावर राहतो व संकेत चालूच राहतो. अस्थिमज्जेत सीएक्ससीएल-१२ मुबलक असते. परिणामी न्यूट्रोफिल तेथेच अडकून पडतात. रुग्णाच्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पेशींची वाण नसते. त्यांना 'आता नीघ' हे कळत नाही, एवढेच.

उपचाराची दिशाही त्यामुळे ठरली : ग्राहीला रोखायचे. प्लेरिक्झाफॉर हे औषध प्रथम एचआयव्हीसाठी तपासले गेले होते, कारण या विषाणूचे काही प्रकार पेशीत शिरण्यासाठी सीएक्ससीआर-४ चाच आधार घेतात. ते त्या कामी यशस्वी ठरले नाही, मात्र रक्तातील मूलपेशी अस्थिमज्जेतून बाहेर आणण्यासाठी २००८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. व्हिमसाठी मॅव्होरिक्झाफॉर या औषधास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये मान्यता दिली. ते तोंडावाटे घेता येते आणि १२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी आहे.

याच रेणूचा कर्करोगाशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ अधिक असतो आणि हा रोग जेथे पसरतो त्या लसीकाग्रंथी, फुप्फुस, यकृत व अस्थिमज्जा येथे सीएक्ससीएल-१२ विपुल असते, असे २००१ मध्ये नोंदविण्यात आले. भ्रूणातील जननपेशी ज्या खुणेने घर गाठते त्याच खुणेने रोगपेशीही घर शोधते. उंदरांमध्ये हा रेणू वा त्याचा ग्राही नष्ट केल्यास पिले जन्माच्या सुमारास दगावतात, हृदयाच्या जवनिकांमधील पडद्यात छिद्र राहते आणि लहान मेंदूतील पेशी जागा सोडून भरकटतात, हे १९९६ ते १९९८ या काळातील प्रयोगांतून दिसून आले होते. एकाच रेणूवर इतकी कामे सोपविलेली असल्यामुळे तो सरसकट बंद करणे हा उपाय होऊ शकत नाही.

तत्त्वाची मर्यादा

निचरा हे सर्व स्थलांतराचे एकमेव स्पष्टीकरण आहे असे समजणे मात्र अतिशयोक्तीचे ठरेल. तंत्रिका-शिखेच्या पेशींचे उदाहरण घेता येईल. पृष्ठवंशीय प्राण्यांत या पेशी डोक्यापासून धडापर्यंत दूरवर पसरतात. बेडकाच्या भ्रूणात त्यांच्या शेजारी असलेल्या संवेदी पट्टिकेच्या पेशी सीएक्ससीएल-१२ स्रवतात. लंडनमधील रॉबेर्तो मायोर यांच्या गटाने २०१३ मध्ये असे दाखविले की, शिखा-पेशी या पट्टिकेच्या मागे धावतात, आणि स्पर्श होताच पट्टिकेच्या पेशी दूर पळतात. मग शिखा-पेशी पुन्हा मागे. येथे दिशा टिकून राहते ती संकेत शोषला जातो म्हणून नव्हे, तर संकेताचा उगमच पुढे पुढे जातो म्हणून. मुलांच्या शिवाशिवीच्या खेळात फक्त पळणारा आमिष दाखवीत पळावा, तसा हा प्रकार.

पाठ्यपुस्तकातील उदाहरणे पुन्हा तपासावी लागतात याचे आणखी एक निदर्शक म्हणजे नेट्रिन. मेरुरज्जूच्या तळपट्टीतून नेट्रिन स्रवते आणि ते तंत्रिकातंतूंना दुरून ओढते, हे १९९४ पासून दूरगामी आकर्षणाचे आदर्श उदाहरण मानले जात होते. २०१७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी उंदरांत तळपट्टीतील नेट्रिन काढून टाकले, तरी बहुतांश तंतू आपल्या वाटेने गेले. तंतूंच्या मार्गालगतच्या पेशींतील नेट्रिन काढल्यावर मात्र ते चुकले. नंतरच्या अभ्यासांनी तळपट्टीलाही काही वाटा परत दिला आहे. म्हणजे वाद मिटलेला नाही, परंतु एक उगम, एक उतार आणि एक प्रवासी हे सुटसुटीत चित्र आता जसेच्या तसे शिकविता येत नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने

हा विषय वर्गात मांडताना बहुधा साखर आणि मुंगी यांचा दृष्टान्त दिला जातो. तो सोपा आहे, पण त्यामुळे पेशी ही ओढली जाणारी निष्क्रिय वस्तू असल्याचा समज दृढ होतो आणि भोवतालच्या ऊती विस्मरणात जातात. वस्तुतः 'संकेत कोणता?' या प्रश्नाबरोबर 'तो काढून कोण टाकते?' हा प्रश्न विचारला, तर विकर, ग्राहीचे चक्र, संदेशवाही आरएनएचे आयुष्य आणि विसरणाचे गणित हे चार वेगवेगळ्या प्रकरणांत शिकविले जाणारे घटक एकाच ठिकाणी भेटतात. भौतिकशास्त्र व गणित विभागांच्या सहकाऱ्यांनाही येथे वाव आहे. क्रिक यांचे प्रतिमान पदवी स्तरावरील कलनाच्या आवाक्यातील आहे.

झेब्रामाशाच्या पार्श्वरेखेच्या प्रवासाच्या चित्रफिती आज सहज उपलब्ध आहेत. त्या दाखविण्यापूर्वी फळ्यावर एक आडवा पट्टा काढावा, तो सर्वत्र सारखा रंगवावा, त्यावर मधोमध पेशींचा समूह काढावा आणि तो कोणत्या बाजूस जाईल हे विद्यार्थ्यांना विचारावे. बहुतेक विद्यार्थी माहिती अपुरी असल्याचे सांगतील, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच असेल. त्यानंतर समूहाच्या एका टोकाला खडूने लहानशी खूण करून तेथील पेशी रंग पुसतात एवढेच सांगावे, आणि मग चित्रफीत सुरू करावी.